लेकीचं तोंड

माझे यजमान येडशीच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. दुष्काळाच्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. "ह्यांना रोज चालवा, बोटांना काम द्या," असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून आम्ही दोघं सकाळी रामलिंगच्या वाटेनं हळूहळू चालायचो आणि एका लिंबाखाली बसून चित्रं काढायचो. त्यांच्या थरथरत्या रेघा बघून मला हसू यायचं, माझी वाकडी शेळी बघून त्यांना. त्या वर्षात तेवढंच सुख होतं.

शेजारीच दुष्काळी कामावर बाया खडी फोडायच्या. त्यातल्या एकीची लहान मुलगी आमची चित्रं बघत बसायची. ती हगवणीनं गेली. आठवड्यानं तिची आई आमच्याजवळ आली.

"मास्तर, माझ्या लेकीचं तोंड काढून द्या की. फोटू न्हाय तिचा."

ह्यांनी कोळसा उचलला. कपाळ जमलं, पण डोळ्यापाशी रेघ घसरली. मी त्यांचा हात धरला. पोर मला समोर दिसत होती, पण कागदावर उतरेना. तीन कागद झाले. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," बाईच म्हणाली, "आता मलाबी नीट आठवंना."

तिनं त्यातलाच एक कागद घडी घालून पदरात बांधला आणि ती खडीकडं गेली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी चपला घातल्या आणि रामलिंगची वाट सोडून स्टेशनाकडची वाट धरली. मीही त्यांच्या मागं निघाले.