धाकटीची मांजर

पडदे शिवून पोट भरणाऱ्या ताईच्या दोन खोल्यांत मांजर आली, ती काही तिच्या मर्जीने नव्हे. धाकट्या बहिणीने हौसेने आणली होती. मग तिच्या घरी नवा सोफा आला आणि मांजर नकोशी झाली. "थोडे दिवस ठेव ना, ताई. तुला तरी कोण आहे घरात?" असं म्हणत तिने पिंजरा दारात टेकवला आणि टेकायलाही न थांबता निघून गेली.

ताईला यात नवं काही नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. तिची वेणीफणी, आजारपणं, शिक्षण, लग्न, सगळं ताईने मशीनवर पाय मारत निभावलं. स्वतःच्या लग्नाचा विषय कधी निघाला आणि कधी बारगळला, हे तिलाही धड आठवत नव्हतं. धाकटीने मागावं आणि ताईने हातावर ठेवावं, असंच चालत आलं होतं.

मांजर चांगलीच गरगरीत होती. शेजारणीने बघताक्षणी तिला ढब्बी म्हटलं आणि तेच नाव पडलं. ढब्बी दिवसभर पलंगाखाली बसायची. चाटून चाटून तिने पोटावरचे केस पार उडवले होते. ताई वैतागली, पण पदरात पडलेल्या जिवाची हेळसांड तिला कधी जमलीच नव्हती. ती तिला उचलून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"हिला रोग नाही, कंटाळा आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात कोंडलेल्या मांजरीला घरातच उद्योग लागतो."

"उद्योग माझ्याकडे ढीगभर आहे," ताई म्हणाली, "पण हिला शिलाई येत नाही."

तरी ती कामाला लागली. खिडकीला जाळी ठोकली आणि उन्हाच्या पट्ट्यात बसता येईल अशी फळी लावली. टेबलाच्या पायाला सुतळी गुंडाळली, नखं घासायला. भरलेलं वाडगं पुढ्यात ठेवणं बंद केलं. मोजकं खाणं उरल्यासुरल्या कापडाच्या खिशांत लपवलं, शोध म्हणावं. पाण्याचं भांडं खाण्यापासून लांब ठेवलं, तिच्या शी-शूचा मातीचा ट्रे मशीनच्या खडखडाटापासून दूर नेला. मांजरीने दोरा गिळला तर आतडी कापली जातात हे कळल्यावर सगळी रिळं झाकणाच्या डब्यांत गेली. संध्याकाळी काठीला चिंधी बांधून ताई खोलीभर नाचवायची आणि ढब्बी मागून झेपा घ्यायची. एकदा शेजारीण दारात उभी राहून हा तमाशा बघत होती. ताई लाजली, पण थांबली नाही.

ढब्बीचं पोट उतरलं, केस भरून आले. शिवताना ती कापडाच्या ताग्यावर पसरायची आणि ताई तिच्याशी गिऱ्हाइकांची उणीदुणी बोलायची. इतकं बोलायची सवय तिला कधीच नव्हती.

मग धाकटीच्या मुलीच्या मैत्रिणीने मांजर आणली आणि भाची हट्टाला पेटली. धाकटी रिकामा पिंजरा घेऊनच आली.

"किती सुरेख दिसतेय गं! आमचीच आहे ना ती, नेते आता."

ताईने नेहमीप्रमाणे मान हलवली. एवढंच म्हणाली, "हिची मळकी चादर बरोबर ने, धुऊ नकोस, ओळखीचा वास लागतो हिला. आधी एकाच खोलीत ठेव. आणि एक दिवस जरी खाल्लं नाही तरी मला कळव. मांजर उपाशी राहिली की लिव्हर बिघडतं."

"ताई, मांजर आहे गं ती, जावई नाही."

ताईने फोन केले. दर वेळी उत्तर एकच, मजेत आहे. शेवटी तिला राहवेना, म्हणून ती स्वतःच गेली. दार भाचीने उघडलं.

"ढब्बी? ती तर कधीच मेली, मावशी."

धाकटी आतून लगबगीने आली. "तुला उगाच त्रास नको म्हणून बोलले नाही. नखरे करत होती. बेडखालून निघेचना. आम्हाला वाटलं, भूक लागली की येईल झक मारत."

"मी फोन करत होते तेव्हा?"

"तेव्हा गेलीच होती." धाकटीने सोफ्यावरची उशी सारखी केली. "आता तोंड पाडून बसू नकोस. नवीन पिल्लू बघितलंय. आधी तुझ्याकडे ठेवू, जरा वळण लाव, मग आम्ही नेऊ."

 ताई शांतपणे म्हणाली, "वळण लावणं मला जमत नाही. तुलाच लावता आलं नाही."

ती पाणीही न पिता निघाली.

धाकटीने नातेवाइकांत बोभाटा केला. आत्याचा फोन आला, "अगं, मांजरीपायी सख्ख्या बहिणीशी वाकडं घेतेस?"

"मांजरीपायी नाही, आत्या," ताई म्हणाली. आत्या पुढचं ऐकायला थांबली. पण पुढचं सांगायचं तर पार आईपासून सुरुवात करावी लागली असती. "काम पडलंय," म्हणून ताईने फोन ठेवला.

धाकटीचे फोन अजून येतात. ताई घेते, भाचीची चौकशी करते. "ताई, एक काम होतं," असं आलं की म्हणते, "नाही जमणार." पहिल्या वेळी जीभ अडखळली होती. आता सवय झाली आहे. त्याने मन काही हलकं झालं नाही. फोन मात्र लवकर संपतात.