श्रीरंग, शॉर्टस्टॉप आणि मी केलेला तक्ता

मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी फोरबर्गच्या थांब्यावर ट्रामची वाट बघत उभा होतो. "भाऊजी, श्रीरंग गेला," एवढंच त्या म्हणाल्या. फेब्रुवारीतला मंगळवार होता. नेहमीप्रमाणे तो लायडनच्या गाडीसाठी सायकलने स्टेशनवर गेला होता. वाटेत कधीतरी छातीत कळ आली असणार... तरी त्याने सायकल स्टँडला नीट लावली, दोन्ही कुलपं घातली, किल्ली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि मग बाकावर जाऊन बसला. तिथून तो उठलाच नाही. शेहेचाळीस वर्षांचा माणूस जाता जाता सायकलला कुलूप लावून जातो, यावर हसावं की रडावं हे मला कळलं नाही. मी दोन्ही केलं.

श्रीरंग आणि मी दोन हजार साली एकाच आठवड्यात पुण्याहून इथे आलो, हेगमधल्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण 'अहो-जाहो' करायला त्याने पहिल्याच दिवशी बंदी घातली. माझी बायको यायला वर्ष लागलं, तोवर माझं रात्रीचं जेवण श्रीरंग-मेधावहिनींकडेच असायचं. श्रीरंग स्वभावाने चिकट. एखादी गोष्ट हातात घेतली की तिचा निकाल लागेपर्यंत सोडायची नाही. पुण्यात तो क्लबकडून क्रिकेट खेळलेला, पॉइंटला उभा राहायचा, आणि कुणी झेल सोडला की त्याचं दुःख याला वर्षानुवर्षं पुरायचं. एका लग्नात त्याने मला एका टक्कल पडलेल्या गृहस्थांची ओळख करून दिली ती "यांनी कॉलेजात असताना स्लिपमध्ये सोपा झेल सोडला होता" अशी. गृहस्थ बिचारे खाली मान घालून मठ्ठा पीत राहिले.

श्रीरंगच्या घरामागेच एका छोट्या क्लबचं बेसबॉलचं मैदान आहे. इथे या खेळाला होंकबाल म्हणतात. एका रविवारी कुंपणावरून एक चेंडू येऊन वहिनींच्या कोथिंबिरीत पडला. श्रीरंगने तो उचलला आणि परसातूनच असा फेकला की मैदानातल्या खेळाडूला हात हलवावा लागला नाही. कुंपणापलीकडे हेंक उभा होता. हा निवृत्त पोस्टमन, सत्तरीचा, त्या क्लबचा चालताबोलता इतिहास. त्याने श्रीरंगला कॉफीला बोलावलं. कॉफीला गेलेला श्रीरंग संध्याकाळी परतला, आणि पुढच्या रविवारी मलाही ओढून घेऊन गेला.

वर्षभरात तो त्या क्लबचा स्कोअरर झाला. मैदानाच्या कडेला एक लाकडी खोपटं होतं, त्यात तो वही घेऊन बसायचा आणि मी शेजारी थर्मास घेऊन. बेसबॉलमध्ये स्कोअररने नुसत्या धावा मांडायच्या नसतात. फलंदाज वाचला तर तो स्वतःच्या फटक्यामुळे वाचला की क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, हेही त्यानेच ठरवायचं. चूक म्हटली की ती ज्याच्या हातून झाली त्याच्या नावावर कायमची चढते. श्रीरंग यावर बेहद्द खूश होता. झेल सोडणाऱ्याचं नाव क्रिकेटच्या स्कोअरबुकात कुठेच येत नाही ही त्याची जुनी तक्रार होती. आता त्याच्या हाती पेन्सिल आली होती.

सगळ्यात जास्त चुका चढायच्या त्या शॉर्टस्टॉपच्या नावावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्याच्या, म्हणजे बेसच्या, मध्ये हा उभा असतो आणि जमिनीवरून येणारे बहुतेक जोरदार फटके त्याच्याच अंगावर येतात. तो चांगला नसेल तर बाकीचे आठ जण कितीही भले असोत, रविवार वाया गेलाच म्हणून समजा. दोन हजार पाचच्या मोसमात आमच्याकडे दोन शॉर्टस्टॉप खेळले. सुरुवातीला केस नावाचा, पस्तिशी ओलांडलेला, गावातलाच, कधीही न गडबडणारा. जूनमध्ये त्याचा गुडघा दुखावला आणि त्याच्या जागी रँडली आला, चोवीस वर्षांचा, क्युरासाओ बेटावरचा. क्लबने त्याला राहायला खोली आणि काचघरात टोमॅटो तोडण्याची नोकरी मिळवून दिली होती. करार वाढला नाही तर दोन्ही जाणार होतं आणि त्याला बेटावर परतावं लागणार होतं. केसचा गुडघा हिवाळ्यापर्यंत बरा झाला. राखीव म्हणून बसणार नाही, त्यापेक्षा खेळ सोडीन, असं त्याने सांगून टाकलं होतं. तेव्हा पुढच्या मोसमासाठी केस की रँडली, एवढाच प्रश्न उरला, आणि तो अख्खा हिवाळा पुरला.

थंडीत मैदान बंद असलं तरी रविवारी अकराला सगळे कँटीनमध्ये जमतात. त्या क्लबचा रिवाज असा, की मार्चच्या पहिल्या रविवारी पाठीराख्यांनी हात वर करून मत द्यायचं आणि कार्यकारिणीने शक्यतो ते मानायचं. हेंक केसच्या बाजूचा, कारण केसला त्याने पाळण्यात पाहिलेलं. मीही केसच्याच बाजूचा. श्रीरंग एकटा रँडलीच्या बाजूने भांडायचा, आणि का असं विचारलं की त्याला नीट सांगता यायचं नाही. "तो चेंडूला जातो रे," एवढंच म्हणायचा. मला असलं मोघम बोलणं खपत नाही. मी त्याच्याच वह्या मागून घेतल्या, एक्सेलमध्ये तक्ता केला, डावीकडे नाव आणि उजवीकडे चुका. केसच्या नावापुढे बोटांवर मोजण्याइतक्या, रँडलीच्या नावापुढे ओळीच्या ओळी. तो छापून कँटीनच्या भिंतीवर लावला. हेंकने माझ्या पाठीवर थाप मारली. श्रीरंग तक्त्यासमोर बराच वेळ उभा राहिला, मग हेंककडे नियमांचं पुस्तक मागून घेऊन लवकर घरी गेला. मला वाटलं, जिंकलो.

डिसेंबरात एका दुपारी तो भिजत माझ्याकडे आला. जॅकेटच्या आत ते पुस्तक होतं, पानोपानी चिठ्ठ्या खोचलेल्या. दोन वर्षं स्कोअरर असलेल्या या माणसाने शब्दकोश घेऊन नियम पहिल्यांदाच मुळापासून वाचले होते. नियम असा होता, की साध्या प्रयत्नाने अडवता आला असता असा चेंडू सुटला तरच चूक धरायची. लांब धावत जाऊन, झेपावून जेमतेम हात लावला आणि निसटला, तर ती चूक नव्हे. श्रीरंगने मात्र दोन वर्षं आपला पुण्याचा हिशेब चालवला होता. हाताला लागला आणि सुटला म्हणजे सोडला! केस अशा चेंडूंच्या जवळपासही पोचायचा नाही, त्यामुळे त्याची पाटी कोरी. रँडली प्रत्येक वेळी पोचायचा, ग्लव्हज लावायचा, आणि श्रीरंग त्याच्या नावावर चूक चढवायचा. कुणीच कसं हटकलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, मी एवढ्या खात्रीने लिहायचो की त्यांना वाटलं याला माहीत असणार.

मी हसलो. तो हसला नाही.

"चूक माझी, तक्ता तुझा," तो म्हणाला, "आणि घरी जायचं रँडलीने."

मी म्हटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, काही चुका वजा करू, तक्ता पुन्हा छापू. तेव्हा त्याने पुस्तक मिटलं आणि अगदी सहज, चहात साखर आहे का विचारावं तसं विचारलं, "विनय, ऑफिसातला तो तक्ताही तूच केला होतास ना?"

ते सांगणं भाग आहे. दोन हजार दोन साली आमच्या कंपनीत कामं आटली. कुणाच्या प्रोग्रॅममध्ये किती बग निघाले याचा नावानिशी तक्ता मॅनेजरने माझ्याकडे मागितला. मी एका दुपारीत करून दिला, रंगसुद्धा भरले. श्रीरंगचं नाव सगळ्यात वर आलं. जुनं, किचकट, कुणी हात लावायला धजत नाही असं काम तो मागून घ्यायचा, पण त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता आणि तो घालावा असं मला सुचलं नाही. सुचलं नाही हे अर्धंच खरं आहे. कुणालातरी कमी करणार हे मला कळत होतं आणि तो मी नसावा असं मला वाटत होतं. महिन्याभरात श्रीरंगला जायला सांगितलं. इथे राहण्याचं परमिट त्या कंपनीशी बांधलेलं, त्यांची मुलगी ऋजुता तेव्हा बालवाडीत. सामानाची खोकी भरायला मीच गेलो होतो, चिकटपट्टी मी धरली होती. शेवटच्या घटकेला लायडनच्या सायन्स पार्कात त्याला नोकरी मिळाली आणि खोकी पुन्हा उघडली. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला चार वर्षं खवखवत होतं, पण तोंडातून शब्द निघाला नव्हता.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"तेव्हाच. फाइलवर तुझं नाव होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास," श्रीरंग म्हणाला. मग त्याने चहा मागितला, आणि आम्ही दोघं तो प्यायलो. माफी मागायची ती वेळ होती. मी बिस्किटं आणायला आत गेलो.

जानेवारीत कँटीनमध्ये तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाला की या चुका रँडलीच्या नाहीत, माझ्या आहेत. हेंकचा चेहरा उतरला, दोन वर्षांच्या नोंदी बिघडल्या होत्या. कुणीतरी तक्ता भिंतीवरून काढायला उठलं. श्रीरंगने अडवलं. मतदानाच्या आत एकेक चेंडू पुन्हा तपासून देतो म्हणाला आणि वह्या घरी घेऊन गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला.

दिवस झाल्यावर मेधावहिनींनी त्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येक चुकीशेजारी त्याने पेन्सिलीने बारीक मराठीत लिहिलं होतं. 'लांब होता, पोचला, निसटला.' 'साधा होता, सोडला.' 'ऊन डोळ्यांत, पण सोपाच.' हे सगळं ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पुढची पानं तशीच होती... मी चार दिवस ऑफिसातून परस्पर त्यांच्याकडे गेलो, जेवणाच्या टेबलावर बसलो आणि उरलेले चेंडू आठवत राहिलो. दर रविवारी त्याच्या शेजारी मीच बसलेलो होतो, दुसरं कोण आठवणार? ऋजुता येऊन डचमध्ये विचारून गेली, की हा बाबांचा गृहपाठ आहे का. मी मराठीत हो म्हटलं. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊजी, उगीच कुणाला फुकट सोडू नका हं. त्याला चालायचं नाही." सप्टेंबरातला एक चेंडू रँडलीच्या दोन पायांमधून गेला होता आणि तो सामना आम्ही हरलो होतो. त्याच्यापुढे मी 'साधा होता, सोडला' असंच लिहिलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी मी भिंतीवरचा माझा तक्ता काढला आणि वह्यांतून एकेक नोंद वाचून दाखवली. निम्म्याहून जास्त चुका गळल्या होत्या. तरीही रँडलीच्या चुका केसपेक्षा जास्तच उरल्या, तेही सांगितलं. हेंक म्हणाला, मग तुझं म्हणणं काय? मी म्हटलं, केस जिथे पोचलाच नाही तिथल्या चुका या वहीत कुणी लिहिलेल्या नाहीत. मागे काउंटरला टेकून उभा असलेला केस म्हणाला की हे तुम्ही मला ऑक्टोबरातच विचारायला हवं होतं, आणि त्याने हात वर केला. रँडलीच्या बाजूने. हेंकचा हात सगळ्यात शेवटी गेला, पण गेला. केसने त्याच दिवशी आपले बूट क्लबच्या कपाटातून काढून घरी नेले. त्याचंही मला वाईट वाटलं.

घरी आलो आणि कॉम्प्युटर उघडला. मी अजून त्याच कंपनीत आहे, त्यामुळे ती जुनी फाइलही माझ्याजवळच आहे, रंगांसकट. श्रीरंगच्या नावापुढच्या एकेका बगाशेजारी, त्याने लिहिलं असतं तसं, मी आठवून लिहीत गेलो. हे काम कुणी घेत नव्हतं, याने घेतलं. हे दहा वर्षांचं जुनं होतं, हा मुळापर्यंत गेला, शेवटच्या पायरीवर निसटला. हे मात्र साधं होतं. तक्ता करायला जेवढा वेळ लागला होता तेवढाच हे लिहायला लागला, एक दुपार. आता हे पाठवायचं कुणाला? मॅनेजर केव्हाच सोडून गेला, आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो... काम करणाऱ्याच्याच हातून कप फुटतात, असं माझी आई म्हणायची. लहानपणापासून ऐकत आलो होतो.

सगळं लिहून झाल्यावर नजर शेवटच्या ओळीवर गेली. तिथे माझं नाव होतं आणि पुढे शून्य. त्या शून्याच्या जिवावर माझी नोकरी टिकली, परमिट टिकलं, घर झालं. चार वर्षं मी त्याला माझी हुशारी समजत होतो. शेजारचा रकाना भरायला मी पुष्कळ वेळ बसलो, एखादं तरी लांबचं काम आठवतंय का बघितलं, ज्याच्यासाठी मी जागचा हललो होतो. एकही आठवलं नाही.