रेघारेघांची पालखी

स्नेहलला फोटोचं वेड लागलं ते एका फुकटच्या कॅमेरा ॲपमुळे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत ती गोळ्यांच्या पॅकिंगला जाते. तिथं मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. म्हणजे पाळीभर उपास, आणि परतीची बस नाते गावच्या रस्त्याला लागली की पारणं! उजेड किती घ्यायचा, नजर कशावर रोखायची, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, त्या ॲपमध्ये सगळं आपल्या हातात. संसारात एवढं तरी कुठं असतं? तिनं नळाचा थेंब टिपला, भाकरीची वाफ टिपली.

"अगो, आता तरी जेवू दे," नवरा, राहुल, कळवळायचा.

"थांबा जरा. भाजीवर फोकस लागतोय."

शिमग्याला गावदेवीची पालखी नाचते. तिचा फोटो दर साली गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या कॅलेंडरवर छापतात. यंदा नेहमीचा फोटोवाला येणार नव्हता. पालखीच्या रिंगणात सगळे पुरुष, बायकांनी कडेनं बघायचं. तरी स्नेहल थेट मंडळाच्या अध्यक्षांकडे, सणाला गावी आलेल्या काशीरामभाऊंकडे गेली.

"भाऊ, फोटो मी काढते."

भाऊंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काढ. पण फसला, तर पुन्हा रिंगणात पाय टाकायचा नाय. कबूल हाय?"

"कबूल!" म्हणून ती मोकळी झाली.

शिमग्याच्या दुपारी चुलीपाशी अंधार होता. टम्म फुगलेल्या पुरणपोळीसाठी तिनं शटर सेकंदभर उघडं राहील असं लावलं. पोळी झकास आली. मग साडी नेस, गजरा माळ, पळ! शटर राहिलं तसंच.

दिवेलागणीला ढोल घुमले आणि पालखी उठली. मोबाइल मांडवाच्या खांबाला टेकवून स्नेहलनं धडाधड फोटो काढले. असा आनंद तिला लग्नातसुद्धा झाला नव्हता. पालखी सहाणेवर, तिच्या विसाव्याच्या चौथऱ्यावर, टेकल्यावर तिनं फोटो उघडले. एकाही माणसाला तोंड नव्हतं. सेकंदभर उघड्या शटरपुढं जे जे हललं, त्याच्या नुसत्या रेघा!

एका फोटोत मात्र मधोमध तिचे सासरे हैबती लख्ख उभे होते, हातात देवीचं निशाण घेऊन. तरुणपणी महाडच्या एका स्टुडिओत फोटोवाला त्यांच्यावर खेकसला होता, "हलू नका, श्वास रोखा!" तेव्हापासून कॅमेरा दिसला की म्हातारा ताठ. गाव बेभान नाचत होतं आणि हे सुनेच्या मोबाइलकडे बघत श्वास रोखून उभे. त्यांच्याभोवती झेंडू, गुलाल आणि दिव्यांचं भिंगरीसारखं गरगरतं कडं.

काशीरामभाऊंनी मोबाइल हातात घेतला. माणसं वाकली.

"माझा तोंड कुठाय?" भाऊंनी विचारलं.

धरणीनं पोटात घ्यावं असं स्नेहलला झालं. तेवढ्यात पालखीला खांदा देणारा चांगू ओरडला, "भाऊ, ही हिरवी रेघ म्हणजे माझा टीशर्ट!"

"मग ही पिवळी मी!"

"आणि ही येवडी लांब कोण रे?"

"तू! पडता पडता वाचलास ना, तवाची!"

हसून हसून माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळली. हैबती शांतपणे म्हणाले, "मी तेवढा बरा आलोय."

"लग्नातबी असंच उभं व्हतं," सासूबाई बनुबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हशा उसळला.

हसले नाहीत ते फक्त भाऊ. ते फोटोकडे बघतच राहिले. "इतकी सालं फोटोत पालखी नुसती उभीच असायची रे," ते म्हणाले. "यंदा नाचली." फोटो कॅलेंडरवर गेला.

पुढच्या शिमग्याला स्नेहलची बस महामार्गावर अडकली. फाट्यावरून ती चपला हातात घेऊन पळत सुटली. ढोल ऐकू येईना. झालं, पालखी नाचून बसलीसुद्धा! तिला रडूच फुटलं. देवळाचं वळण घेतलं आणि पाय जागच्या जागी थांबले. पालखी खांद्यावर होती. ढोलवाले टिपऱ्या वर धरून उभे होते. सगळं गाव तिच्याच वाटेकडे बघत होतं.

"किती उशीर गो!" काशीरामभाऊ ओरडले. "देवी खोळंबलीय. ये आत."

पुरुषांनी बाजूला सरून वाट दिली, आणि स्नेहल रडत, हसत रिंगणात शिरली.