तिसऱ्या पुलापलीकडचा मठ

माझा थोरला भाऊ स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढल्या वर्षी घर सोडून गेला. भांडण नाही, तंटा नाही. महिन्याभराने पोस्टकार्ड आलं: संन्यास घेतला आहे, शोध करू नये. वडिलांनी ते एकदा वाचलं आणि पंचांगात घालून ठेवलं. आई मात्र टेंभी नाक्याजवळच्या भटजींकडे जाऊन विचारून आली, की अशा मुलाशी आपलं नातं काय उरतं. भटजी म्हणाले, काही नाही. तो स्वतःचं श्राद्ध करून मोकळा झालेला असतो. बापानेसुद्धा त्याच्या पाया पडायचं. फक्त आईपुढे तो वाकतो. आईने त्याला नमस्कार करायचा नसतो.

तेवढंच तिने धरून ठेवलं. "परत नको गं आणायला," ती म्हणायची. "एकदा माझ्यापुढे वाकू दे. म्हणजे मी अजून त्याची आई आहे, एवढं तरी कळेल."

सात वर्षं गेली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माणूस समोर आला तरी तिला नुसती सावली दिसे. कोपरीच्या आमच्या चाळीत कल्याणहून एक कासार यायचे, गावोगावच्या जत्रा फिरलेला माणूस. आईच्या हातात बांगड्या भरताना एकदा सहज बोलून गेले, "घाटातल्या मठात तुमच्या मुलासारखा एक स्वामी बघितला. नाक अगदी तुमचं." त्या दिवशी आई जेवली नाही.

वडील यायला तयार नव्हते. "बाप म्हणून जाऊ आणि पोराच्या पाया पडून येऊ? तुम्ही या जाऊन." मग मीच नेलं. कल्याणहून एस. टी., पुढे बैलगाडी, शेवटचा चढ पायी. मी शाळेत शिकवत होते, दोनच दिवसांची रजा मिळाली होती, आणि आई दर दहा पावलांवर दम खात होती. माझं डोकं फिरलं होतं हे कबूल करते.

गाव जुनं, घाटवाटेने बैलांवरून माल जायचा तेव्हाचं. ओढ्यावर लागोपाठ तीन दगडी पूल, मधल्याला कठडा नाही, आणि तिसऱ्या पुलापलीकडे मठ. लोक कौतुकाने सांगत होते की पुलाच्या दगडांत चुन्याचा कण नाही. नसेल. मला दिसली ती निम्मी पडकी घरं आणि ओळीने समाध्या. जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांची सोय तिथे बरी होती.

मठात कुठल्याशा गुरूची पुण्यतिथी होती, त्यामुळे गर्दी. दारातल्या सेवेकऱ्याला मी भावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "इथे पूर्वीची नावं चालत नाहीत, बाई. सगळे स्वामी आत ओळीने बसलेत. दर्शन घेत चला, तुमचा असेल तर दिसेल. आज मौन आहे, बोलवू नका कुणाला."

आईने तिथेच माझा हात धरला. "मी प्रत्येकाला नमस्कार करत जाते. तू नीट बघ. तो दिसला की मला चिमटा काढ. म्हणजे मी ताठ उभी राहीन." आणि पदर सावरून, केसांवरून हात फिरवून ती तयार झाली.

आत काळोख, धूर, ओल्या घोंगड्यांचा वास. मी शोधत होते तो दाट कुरळ्या केसांचा, भरल्या अंगाचा माणूस. मूर्ख मी. समोर बसलेले सगळे मुंडण केलेले, सुकलेले, एकासारखे एक. मागून लोक रेटत होते. पाचव्या का सहाव्या स्वामींपुढे आई जरा थांबली, बहुधा माझ्या चिमट्याची वाट बघत, आणि मी वैतागून तिच्या पाठीवर हात ठेवला नि म्हटलं, "वाक ना गं लवकर, लोक खोळंबलेत."

ती वाकली. तिची बोटं जिथे टेकली तिथे माझी नजर गेली. उजव्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं. लहानपणी आमच्या घरातला पाटा त्याच्या पायावर पडला होता, तेव्हापासूनचं. त्याने पाय मागे ओढले, पण उशीर झाला होता. आईचं कपाळ टेकलं होतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. देवाशप्पथ, मला वाटलं हा आता उठेल. मौन होतं तर बोलू नये, वाकायला कोणी अडवलं होतं? त्याने डोळे मिटून घेतले. सेवेकरी म्हणाला, पुढे चला, आणि आई पुढे सरकली. उरलेल्या सगळ्यांपुढेही ती वाकली, कुठेही न थांबता.

परतताना कठडा नसलेल्या पुलावर ती माझ्या खांद्याला धरून चालत होती. "चिमटा काढला नाहीस," ती म्हणाली.

"नव्हता तो."

"नीट पाहिलंस?"

"सगळे पाहिले."

तिने पायाने पुढचा दगड चाचपला. मग म्हणाली, "जाऊ दे. असता तर वाकला असता हो."

खरं सांगितलं असतं तर ज्याने वाकायचं त्याच्यापुढे आपणच डोकं टेकवून आलो, हे घेऊन ती जगली असती. म्हणून सांगितलं नाही. शिवाय मीच तिला वाकवलं होतं, हेही सांगावं लागलं असतं. पुढे कासार आले तेव्हा आईने त्यांना चांगलं फैलावर घेतलं, तुमची नजर गेली म्हणून. ते माझ्याकडे बघत राहिले. मी आत निघून गेले.

तीन वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यात शेजारीपाजारी भेटायला येत होते, दार सारखं वाजत होतं. एका दुपारी तिने पांघरुणातून हात बाहेर काढून माझ्यापुढे धरला. "कोण आलं ते मला ओरडून सांगू नकोस," ती म्हणाली. "तो असला तर चिमटा काढ. मी उठून बसेन."

मी हो म्हटलं. तो हात तिने संध्याकाळपर्यंत तसाच बाहेर ठेवला होता.