अस्वलाचे कान

मी आयुष्यात जिवंत काळं अस्वल बघितलेलं नाही. मेलेली मात्र रोज बघतो. आमची कंपनी छोटी आहे, ऑफिस सिंगापूरला, रॅफल्स प्लेसमध्ये. आजूबाजूला सगळ्या बँका, आणि मध्येच आम्ही कॅनडातल्या शिकाऱ्यांसाठी अस्वलं जोखत बसलेलो. तिकडे शिकारी मचाणावर बसतो, समोर आमिषाचं पिंप ठेवलेलं असतं. पिंपाजवळच्या कॅमेऱ्यातून फोटो येतो आणि आमचं सॉफ्टवेअर सांगतं, नर की मादी, लहान की मोठं. पिल्लांची आई मारायला तिथे बंदी आहे, आणि लहान अस्वल मारण्यात शिकाऱ्याला गंमत वाटत नाही. सॉफ्टवेअरला खात्री नसली की फोटो माणसाकडे येतो. तो माणूस म्हणजे मी. पुण्यातल्या ज्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं, तिथे वाढलेला.

काम अवघड नाही. कान बघायचे. अस्वल वाढतं तसे त्याचे कान फारसे वाढत नाहीत, त्यामुळे कान मोठे आणि डोक्यावर उभे दिसले तर अस्वल लहान. डोक्याच्या दोन्ही बाजूंना बारीकसे चिकटलेले दिसले तर मोठं. दुसरी खूण म्हणजे पिंप. तेलाचं असतं तसं मोठं लोखंडी पिंप, त्याची उंची आम्हाला पाठ. अस्वलाची पाठ पिंपाच्या वरच्या कडेला लागली की डोळे झाकून 'मोठा नर' लिहायचं. कानांपेक्षा माझा विश्वास पिंपावर जास्त. लोखंड खोटं बोलत नाही, असं मी नव्या पोरांना ऐटीत सांगायचो.

गोळी लागल्यावरचे व्हिडिओही येतात. सुरुवातीला मी आवाज बंद करून बघायचो. मरताना अस्वल कण्हतं, लांबलचक, माणसासारखं, आणि शिकारी त्या आवाजाची वाट बघत असतात, कारण तो आला की झाडावरून खाली उतरायला हरकत नाही. पुढे मला त्याचं काही वाटेनासं झालं. मी जेवतानाही बघायचो. मारलेल्या अस्वलाची कवटी साफ करून साठ दिवस वाळवतात आणि मग मोजतात, लांबी अधिक रुंदी. ऑफिसात ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकला त्यानं खालच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये सगळ्यांना कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, पाजायची, असा आमचा नियम. माझ्यावर ती पाळी कधी आली नव्हती.

ती आली त्या एका शनिवारमुळे. आमचा सकाळी नऊचा सुमार म्हणजे तिकडे शुक्रवारची संध्याकाळ, ऐन शिकारीची वेळ. त्या वेळी मी बिशानच्या आमच्या फ्लॅटमधूनच काम करायचो. बायको बाजारात गेलेली. नऊ वर्षांची मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर, माझ्या मांडीवर पाय टाकून, चॉकलेटी मायलोचा कप घेऊन. शनिवारची ही तिची ठरलेली जागा. मेलेल्या अस्वलांचे फोटो मी तिला दाखवत नसे, जिवंत अस्वलांचे ती आवडीनं बघायची.

फोटो आला. खाली तिथल्या गाईडचा निरोप: शिकारी बंदूक रोखून बसलाय, दोन मिनिटांत सांगा. अस्वल पिंपाला खेटून उभं होतं आणि त्याची पाठ पिंपाच्याही वर गेली होती. असला धिप्पाड नर मी वर्षभरात पाहिला नव्हता.

"बाबा, कान बघ ना, सो बिग," मुलगी तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "नॉट बिग बेअर, लाह."

"गप्प बस. काम चाललंय."

"पण तूच सांगितलंस! लुक प्रॉपर्ली, लाह!" असं म्हणून तिनं मायलोचं चिकट बोट थेट स्क्रीनवर, अस्वलाच्या कानावर टेकवलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घड्याळ पळतंय आणि ही कार्टी मला शिकवतेय. मी तिच्या थोबाडीत मारली. हलकीशी नव्हे, सणसणीत. कप उडाला, खुर्ची कलंडली, ती फरशीवर आपटली. माझा तो पहिला फटका नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. पण इतका जोराचा पहिलाच. तिला उठवायच्या आधी, त्याच हातानं, मी 'मोठा नर' वर क्लिक केलं.

वीस मिनिटांत व्हिडिओ आला. गोळी पोटात लागली होती. अस्वल गरगर फिरून स्वतःच्याच कुशीला चावत होतं, जणू दुखणं तोंडानं ओढून काढता येईल. आतडी बाहेर येऊन पानापाचोळ्यात लोळत होती. दुसरी गोळी मणक्यात. तरी ते पुढच्या दोन पायांवर फरफटत एका झाडाकडे निघालं आणि बुंध्याशी पोचल्यावर कण्हायला लागलं. मग वरून, झाडाच्या शेंड्यातून, त्याला उत्तर आलं. बारीक आवाजात, दोन गळ्यांतून. गाईडनं एक शिवी हासडली आणि व्हिडिओ संपला.

नंतरच्या फोटोत शिकारी पिंपाशेजारी उभा होता. पिंप त्याच्या गुडघ्याच्या जरा वर येत होतं. मोठं पिंप आदल्या आठवड्यात एका अस्वलानं ओढून नेलं म्हणून गाईडनं छोटं ठेवलं होतं, आणि कळवायला विसरला. पुढच्या फोटोत अस्वलाच्या पोटावरची आचळं दुधानं तट्ट फुगलेली. दुसऱ्या दिवशी गाईडनं कळवलं, रात्रीतून एका खऱ्याखुऱ्या मोठ्या नरानं एका पिल्लाला फाडलं. दुसरं सापडलं नाही.

मी रिपोर्टात लिहिलं, चूक होण्याचं कारण: पिंपाचा आकार. साहेबांना पटलं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. बायको मात्र बोलली, लेकीच्या गालावरची बोटं बघून. काय बोलली ते लिहीत नाही, कारण त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. पुढच्या शनिवारी मुलगी आपली खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मला वाटलं, विसरेल. पोरं विसरतात, असं माझे वडील म्हणायचे, आणि मी त्यांचा एकही फटका विसरलेलो नाही.

साठ दिवसांनी कवटीचा फोटो आला. एवढीशी. मी सांगितलेल्या आकाराच्या जवळपासही नाही. ऑफिसातले टाळ्या पिटत मला खाली घेऊन गेले, मी सगळ्यांना कोपी पाजली आणि हसलो. नंतर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला. बिशानला उतरेपर्यंत मी ठरवलं होतं की तिला सांगायचं.

ती सोफ्यावर पुस्तक वाचत होती. मी समोर जमिनीवर बसलो.

"ते अस्वल लहान होतं. मादी होती. तू बरोबर होतीस, कान मोठेच होते."

"आय नो," ती म्हणाली. पुस्तकातून मान वर नाही. "तिचे बेबीज?"

"एक मेलं. दुसऱ्याचं माहीत नाही."

"हंटरनं सॉरी म्हटलं?"

"त्याला माहीत नव्हतं. मार म्हणून मीच सांगितलं होतं."

"मग तू म्हटलंस?"

"कुणाला म्हणू? ती मेली, राणी."

तिनं पुस्तक मिटलं. घरात ती आम्हाला बहुतेक इंग्रजीतच उत्तरं देते. हे मात्र मराठीत म्हणाली, सावकाश.

"मी नाही ना मेले."

मी सॉरी म्हणालो, दोनदा म्हणालो, आणि तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिनं डोळे घट्ट मिटले आणि खांदा कानापर्यंत वर घेतला.