मावशीची काचेची वेल

माझी मावशी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तलावाचं पाणी तपासते आणि उरलेल्या वेळात मांजरीच्या गळलेल्या मिशीनं नक्षी मांडते. हसू नका. त्या पाण्यात डायटम नावाचं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. त्याचं कवच चक्क काचेचं, त्यावर चाळणीसारखी भोकं. कवचाला स्वतःचा रंग नाही, पण त्या भोकांतून प्रकाश विखुरला की ते निळं, हिरवं, सोनेरी दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली मावशी मिशीच्या टोकानं एकेक कवच सरकवत बसते. तेव्हा घरात शिंकायलासुद्धा बंदी असते.

आजी शिवणकाम करणारी. माझ्या आईच्या स्वयंपाकात, शेजारणीच्या विणकामात ती हौसेनं चुका काढते. मावशीच्या कामात मात्र तिनं कधी चूकसुद्धा काढली नव्हती. "तिचं काय, चिखल चिवडते," एवढं बोलून मोकळी. मावशीला ते फार लागायचं.

म्हणून आजीच्या वाढदिवसाला मावशीनं कवचांची वेल मांडली, डिंकानं पक्की केली आणि आजीला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"नीट बघ ना, आई."

"डोळे शाबूत आहेत माझे. पांढरंफटक आहे सगळं."

मावशीनं स्वतः पाहिलं आणि कपाळावर हात मारला. घाईघाईत भलत्याच बाटलीतला डिंक घातला होता! त्या डिंकात आणि कवचात प्रकाश जवळजवळ सारखाच वाकतो, त्यामुळे पाण्यात टाकलेल्या बर्फाच्या खड्यासारखी वेल दिसेनाशी झाली होती. डिंक तर वाळून घट्ट. मावशीचं तोंड एवढंसं झालं. मलाच रडू यायला लागलं.

"आणि हा मेला दिवा डोळ्यांत घुसतोय," म्हणत आजीनं तो पार बाजूला ढकलला. मग लेकीचं मन राखायला असेल, पुन्हा डोळा लावला.

आणि तिनं खुर्ची पुढे ओढली. तिरप्या उजेडात मागचा पांढरेपणा गेला होता. काळोखात फक्त कवचांवरून उसळलेला प्रकाश उरला होता, निळाशार.

"अगं, ही तर तुझ्या पहिल्या फ्रॉकवरची वेल! मी भरलेली."

"हो."

आजी आणखी वाकली. "तिसरं पान उलटं बसवलंयस."

मावशी हसता हसता रडायलाच लागली. आजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पुढची मांडशील तेव्हा मी शेजारी बसते. शिंकणार नाही."