कुसगावचा गार्ड परदेशी खेळतो

ज्याचा दरवर्षी देश बदलतो, त्याच्याकडे सामान कमी साठतं आणि किस्से जास्त. समीर तांबोळी, म्हणजे आमचा सम्या, दर उन्हाळ्यात कुसगावला परत येतो तेव्हा त्याची बॅग अर्धी रिकामी असते आणि तोंड मात्र भरलेलं! मी खरं तर मावळातल्या खेळाच्या मैदानांवर एक खरमरीत लेख लिहायला बसले होते. पण मैदानांचा विषय काढला की लोक उठून जातात आणि सम्याचं नाव काढलं की दुसरा चहा सांगतात. मग म्हटलं, ठीक आहे, हेच ऐका!

सम्या बास्केटबॉल खेळतो, पगारी. पॉइंट गार्ड आहे. म्हणजे टीममधला सगळ्यात बुटका, जो बॉल पुढे नेतो आणि उंच लोकांना वाटतो. प्रत्येक टीमच्या फोटोत तो कुणाच्या तरी कोपराखाली उभा असतो. मोठे क्लब नाहीत, मोठी शहरं नाहीत. लहान गाव, लहान टीम, एका वर्षाचा करार. वर्ष संपलं की पुढचं गाव.

आम्ही शाळेपासून एकाच कोर्टवर खेळलो. आता मी तिथे मुलींना शिकवते आणि उरलेल्या वेळात सम्याचे व्हिडिओ कापून जगभरातल्या क्लबांना ईमेल करते. तो मला 'मॅनेजर' म्हणतो. त्याचे वडील, अब्बा, मला 'मॅनेजरीनबाई' म्हणतात. ते कौतुक नाही!

अब्बांचं उर्से टोलनाक्याच्या अलीकडे टायरचं दुकान आहे. सम्या पहिल्यांदा विमानात बसायच्या आधी अब्बांनी त्याच्याकडून एक कबूल करून घेतलं होतं. "ज्या वर्षी बोलावनं न्हाई आलं, त्या वर्षी दुकानात बसायचं. आन् मंग उठायचं न्हाई. एकेका वर्षाच्या बोलीवर कुनाचा संसार झालाय व्हय?"

सम्यानं हातावर हात मारला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात माझ्या फोनवर ईमेल वाजला की आम्ही दोघं फोनवर झडप घालतो.

*

आमच्या कुसगावच्या कोर्टला रिंग एकच होती. दोन्ही टीम त्याच रिंगवर बॉल टाकायच्या. मग गोंधळ नको म्हणून आम्ही नियम केला होता: बॉल हिसकावला की आधी मागे पळत जाऊन हातपंपाला शिवायचं, मगच आपला हल्ला सुरू. पंप न शिवता बास्केट टाकली तर ती बाद. आमची अख्खी पिढी पंप शिवून मोठी झाली.

सम्याची पहिली परदेशी मॅच जॉर्जियात. हॉल भरलेला. शेवटचं मिनिट, टीम एका पॉइंटनं मागे. सम्यानं बॉल हिसकावला! समोर एकही माणूस नाही, रिंग मोकळी, लोक खुर्च्यांवर उभे! आणि सम्या वळला, उलट्या दिशेनं सुसाट पळाला आणि स्वतःच्याच रिंगच्या खांबाला हात लावला!

 शिट्टी वाजवायची कशाबद्दल, हे रेफ्रीला कळेना. विरुद्ध टीमच्या एका खेळाडूनं सावधगिरी म्हणून जाऊन त्याच खांबाला हात लावला!

टीम हरली. कोचनं ड्रेसिंग रूममध्ये शांतपणे विचारलं, "तू कुठे गेला होतास?"

सम्यानं हातपंपाचं चित्र काढून सगळं समजावलं. आता हाकलतील म्हणून त्यानं बॅगही भरली. पण पुढच्या मॅचला गेला तर प्रेक्षकांनी कुठूनतरी एक गंजका हातपंप आणून साइडलाइनला उभा केला होता. वर्षभर त्या गावात कुणीही बॉल हिसकावला की पब्लिक एकच ओरडायचं, "पंप! पंप!"

*

आमच्या लोणावळ्याकडच्या पावसात उघड्या कोर्टवर चार महिने शेवाळ. त्यामुळे आमचा सराव मंगल कार्यालयात. स्टेजवरच्या लोखंडी कमानीला, 'शुभविवाह'च्या पाटीखाली, आम्ही एक रिंग बांधली होती. मालकांची अट एकच: छताच्या पंख्याला बॉल लागता कामा नये. लागला की सराव बंद! त्यामुळे सम्याचा शॉट पंख्याखालून सपाट जातो. गोफणीतून दगड सुटावा तसा!

माल्टामध्ये त्याला उंच छताचं कोरं करकरीत स्टेडियम मिळालं. पहिल्याच दिवशी एकही बॉल रिंगला लागेना. कोच म्हणाला, "काय होतंय?"

"वर काहीच नाहीये," सम्या म्हणाला. "गरगरतंय."

शेवटी क्लबच्या माणसांनी पंख्याच्या उंचीवर एक दोरी बांधली आणि तिला जुने टॉवेल लटकवले. सम्या लगेच पडू लागला रिंगमध्ये! म्हणजे त्याचे बॉल! मॅचला दोरी चालत नाही, पण तोवर त्याची नजर बसली होती. सलग तीन मॅच जिंकले.

चौथ्या मॅचला हे पाहुणे म्हणून दुसऱ्या गावात गेले. तिथला सराव चालू होता. तिथल्या कोचनं गुप्त हेर पाठवून माहिती काढली असावी, कारण अख्ख्या छताला टॉवेल टांगलेले होते. नवे, धुतलेले, इस्त्री केलेले! त्यांच्या सहा-सहा फुटी पोरांचे बॉल टॉवेलात अडकत होते आणि कोच खालून ओरडत होता, "अजून सपाट! अजून सपाट!"

*

मंगोलियात सम्या एका मॅचला 'मॅन ऑफ द मॅच' झाला. बक्षीस काय? जिवंत मेंढी!

मेंढी घेऊन तो चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेला. घरमालकाच्या नियमांत कुत्री-मांजरी मना होती, मेंढीबद्दल काहीच नव्हतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, त्यामुळे मेंढी हॉलमध्ये आणि सम्या स्वयंपाकघरात. खायला काय घालायचं म्हणून त्यानं अब्बांना व्हिडिओ कॉल लावला.

आता हे लक्षात घ्या, तोपर्यंत अब्बांनी सम्याची एकही मॅच पाहिली नव्हती. कधी विचारलंसुद्धा नव्हतं. त्या दिवसापासून रोज दुपारी उर्स्याहून मंगोलियाला कॉल! दुकानावर टायर बदलायला थांबलेले ड्रायव्हरही फोनमध्ये डोकावू लागले. कुणी म्हणे, "लोकर लय भारी हाय, चाचा." कुणी म्हणे, "जरा वाळल्यागत वाटती."

एकदा सम्यानं उत्साहानं सांगायला सुरुवात केली, "अब्बा, कालच्या मॅचला मी शेवटच्या सेकंदाला बास्केट..."

"तू जरा बाजूला सरक," अब्बा म्हणाले. "ती दिसंना!"

*

आइसलँडमधलं गाव तर इतकं छोटं की बाकीचे खेळाडू कामावरून थेट मॅचला येत. कॅप्टन मासळीच्या कारखान्यात, रिंगखाली खेळणारा सगळ्यात उंच गडी, म्हणजे सेंटर, शाळेत शिक्षक. पगारी खेळाडू फक्त सम्या.

शेजारच्या गावाशी मॅच रंगात आली आणि भोंगा वाजला. कुठेतरी आग लागली होती. सम्याच्या टीममधले सगळे स्वयंसेवी अग्निशमन दलात, ते पळाले. समोरच्या टीममधलेही त्यांच्या गावच्या दलात, तेही मागोमाग पळाले. दलाचा प्रमुख कोण? रेफ्री! तो शिट्टी तोंडात ठेवूनच पळाला. प्रेक्षक आग बघायला गेले.

कोर्टवर उरले दोघं: सम्या आणि समोरच्या टीमचा परदेशी खेळाडू, एक धिप्पाड सर्बियन. आणि घड्याळवाले आजोबा. त्यांना घड्याळ थांबवा असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी थांबवलं नाही!

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. घड्याळ पळतंय म्हटल्यावर खेळणं भाग होतं. खेळले. फाउल झाला की ज्यानं केला तोच हात वर करायचा. दमले की दोघं मिळून आजोबांच्या थर्मासमधली कॉफी प्यायचे.

वीसेक मिनिटांनी टीम परत आली. कॅप्टन धुरानं काळा झालेला. त्यानं स्कोअरबोर्डकडे पाहिलं. टीम पुढे होती, आणि चांगलीच पुढे होती. तो सम्याच्या खांद्यावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाला, "आज आपण पहिल्यांदाच टीम म्हणून खेळलो."

*

आता जरा गावाकडे या, म्हणजे मला राग का येतो ते कळेल.

सम्याच्या किश्शांवर सगळे हसतात, पण तो ज्या कोर्टवर घडला तिथे वर्षानुवर्षं एकच रिंग! मी अर्ज केले, फोटो पाठवले, मुलींना घेऊन लोकांची दारं वाजवली. निवडणूक आली तेव्हा एका उमेदवाराच्या मनात खेळप्रेम उसळलं. सम्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर सम्याचा फोटो बरोबर होता, फक्त त्याच्या हातात क्रिकेटची बॅट चिकटवली होती. "नुसता बॉल मोकळा मोकळा वाटत व्हता," असं फ्लेक्सवाला म्हणाला!

मी स्टेजवरच माइक घेतला. "सत्कार नको. आम्हाला दुसरी रिंग द्या!"

टाळ्या पडल्या. उमेदवारानं तिथल्या तिथे शब्द दिला आणि, खोटं कशाला बोलू, आठवड्याच्या आत पाळला. मुलींना घेऊन मी धावत कोर्टवर गेले.

दुसरी रिंग बसवली होती. पहिल्या रिंगच्या शेजारी! त्याच खांबावर, त्याच बाजूला, जुळ्या भावंडांसारखी!

मी कार्यकर्त्याला फोनवर झापलं. तो उलट माझ्यावरच चढला. "ओ ताई, समोरच्या बाजूला आमच्या गाड्या लागत्यात. आन् तुमी दोन मागितल्या व्हत्या. मोजा की!"

चहाच्या टपरीवरच्या मावशी लांबून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "असू दे गं. भांडनं तरी व्हनार न्हाईत पोरींची."

*

आणि हा किस्सा गेल्या वर्षीचा.

उन्हाळा गेला, पाऊस आला, आणि बोलावणं आलं नाही. एकही नाही. मी व्हिडिओ पाठवायचं थांबवलं नव्हतं, पण उत्तरं एकसारखी: "आम्ही तरुण खेळाडू शोधतोय." सम्यानं तिशी ओलांडली होती. बोलल्याप्रमाणे तो उर्स्याला दुकानात बसायला लागला. अब्बा एका शब्दानं टोचून बोलले नाहीत. उलट त्याच्यासाठी गादीवाली नवी खुर्ची आणली. सम्या म्हणाला, "मॅनेजर, ते शिव्या घालतील तर बरं गं. ह्या खुर्चीत बसवत नाही."

एका दुपारी मी दुकानात त्याच्याशी बोलत उभी होते आणि माझा फोन वाजला. लॅटव्हियातला कोच! त्यांच्या गार्डचा पाय मोडला होता. व्हिडिओ कॉलवर चेहरा दगडासारखा. म्हणाला, "कापलेले व्हिडिओ सगळ्यांचेच छान असतात. मला आत्ता, समोर बघायचंय. एका माणसाला चकवून पुढे जाऊन दाखव. तीन संधी. जमलं तर आजच करार."

बॉल दुकानात होताच. पण अडवायला कोण? मी फोन धरलेला. ड्रायव्हर लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला आणि लुंगी वर खोचली.

"मी हाय की."

"अब्बा, तुम्ही?"

"का? आजवर ह्याला आडवायचं काम दुसऱ्या कुनी केलंय?"

अब्बा टायरच्या दोन थप्प्यांच्या मधे हात पसरून उभे राहिले. सम्याला त्यांच्यामधून पलीकडे जायचं होतं.

पहिल्यांदा सम्यानं उजवीकडे हूल दिली आणि डावीकडे घुसला. अब्बा आधीच तिथे होते! बॉल त्यांच्या पोटावर आपटून ट्रकखाली गेला. ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. "चाचा, सोडू नका!"

दुसऱ्यांदा सम्या उजवीकडून निघाला. अब्बा पुन्हा तिथेच. वर त्यांनी त्याचा टी-शर्टच मुठीत धरला. फोनमधून कोच किंचाळला.

"अब्बा, तो म्हणतोय हा फाउल आहे!"

"त्याला सांग, दुकान माजं हाय!"

कोचनं एक बोट वर केलं. शेवटची संधी. सम्या गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. चेहरा असा की मी फोन क्षणभर टायरांकडे वळवला. अब्बा जागचे हलले, त्याच्याजवळ गेले, वाकून त्याच्या कानात काहीतरी बोलले आणि परत येऊन पहिल्यासारखे हात पसरून उभे राहिले.

सम्या निघाला. कुठल्या बाजूनं गेला ते मलाही दिसलं नाही. अब्बांच्या मुठीत हवा आली आणि सम्या पलीकडच्या टायरच्या थप्पीवर जाऊन असा आदळला की सगळे टायर सुटून गडगडत रस्त्याला लागले!

फोनमध्ये कोच टाळ्या वाजवत होता. "करार पाठवतो! एक वर्ष! या आठवड्यात निघ!"

मी अब्बांना गाठलं. "कानात काय सांगितलंत?"

"खांदा पाडू नको म्हनलं," अब्बा म्हणाले. "निगायच्या आदी खांदा पाडतो ह्यो. ज्या बाजूचा पडंल त्या बाजूनं जानार. बारका व्हता तवापासनं. दुकानातनं पळायचा तवाबी आदी खांदा पडायचा, मंग पोरगं पळायचं."

मी हे शब्दशः कोचला इंग्रजीत सांगितलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. मग अगदी अदबीनं म्हणाला, "हे गृहस्थ या सीझनला मोकळे आहेत का? मला सहायक कोच हवा आहे."

तोवर अब्बा लुंगी सावरत टायरांच्या मागे रस्त्यानं धावत सुटले होते. एक टायर तर टोलच्या रांगेत जाऊन उभाही राहिला होता! मी मागून ओरडले, "अब्बा! तो तुम्हालाही बोलावतोय!"

अब्बा न थांबता ओरडले, "किती वर्षासाठी?"

"एक!"

"मंग न्हाई!"